कौल्सडॉर्फचा धाकटा जावई

सतीश, तुझ्याबद्दल काहीतरी चांगलं लिहून द्या, असं शुभाने मला फोनवर सांगितलं आहे. दोन दिवस कागद पुढ्यात घेऊन बसलोय आणि जमत नाहीये. तुझ्यात चांगलं काही नव्हतं म्हणून नाही. तुझं सगळंच चांगलं होतं, आणि आपण साडू झालो तेव्हापासून माझी तुझ्याविरुद्ध हीच तर तक्रार आहे.

"भाऊजी, पुढच्या महिन्यात कलश पुरायचाय," शुभा म्हणाली. "इथे अस्थी घरी नेऊ देत नाहीत. त्यानंतर हॉलमध्ये कॉफी आणि केक असतो, आणि ज्याला बोलायचंय तो उभं राहून बोलतो. शेजारची हेल्गा बोलणार आहे. कंपनीतले दोघं बोलणार आहेत. आपल्याकडचं कुणीच नाही. तुम्ही मराठीत लिहून द्या, ताई येतेच आहे, ती वाचेल. आमचा ओम त्याचं जर्मन करून सांगेल."

हेल्गा बोलणार हे ऐकलं आणि मी लगेच हो म्हणालो. तुला हसू आलं असतं. पण तुला ओळखणाऱ्या माणसांच्या रांगेत ती कुंपणापलीकडची बाई माझ्यापुढे उभी राहणार म्हणजे काय? तुला मी तिच्या कितीतरी आधीपासून ओळखतो. तुझा हेवा करण्यातही माझाच नंबर पहिला आहे.

त्या हॉलमधल्या लोकांना साडू म्हणजे काय हे ओम कसं समजावून सांगणार, देव जाणे. दोन बहिणींचे दोन नवरे. भावांसारखी आपली वाटणी नसते आणि मित्रांसारखी आपण एकमेकांची निवडही केलेली नसते. सासरच्या एकाच तराजूत दोघांना जन्मभर बसवलेलं असतं, एवढंच. माझी वंदना मोठी, तुझी शुभा धाकटी. आठ वर्षं मी पुण्याच्या त्या घरातला एकुलता एक जावई होतो. मग तू आलास. तुझ्या लग्नानंतरचा पहिला अधिक महिना आठवतो? सासूबाईंनी आपल्याला शेजारी शेजारी पाटावर बसवलं. मला तेहेतीस अनारसे, तुलाही तेहेतीस. मी एक खाऊन "छान झालेत" म्हणालो. तू एक खाल्लास आणि विचारलंस, "आई, तूप पुरेसं तापलंय हे तुम्ही कशावरून ओळखता?" सासूबाई विरघळल्याच. तीस वर्षं अनारसे तळत होत्या, पण हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. त्यानंतर मी पुण्याला फोन केला की पहिला प्रश्न असायचा, "सतीशराव कसे आहेत?"

तुला दुबईला आणलं मीच. ही गोष्ट मी तुला कधी विसरू दिली नाही आणि आजही देणार नाही. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमध्ये आमची फॅक्टरी होती, व्हिलांची वॉर्डरोब, दारं आणि किचन बनवणारी. मी प्लॅनिंगला होतो, तुला मशीन मेंटेनन्समध्ये लावून दिलं. वर्षभरातच फळ्यांच्या कडांना पट्टी चिकटवणारं ते लांबलचक जर्मन यंत्र तुझ्याशिवाय कुणाचं ऐकेनासं झालं. तू त्याच्या अंगावर तळहात ठेवायचास आणि म्हणायचास, "बेअरिंग चार दिवस काढेल." चौथ्या दिवशी बेअरिंग जायचं. यंत्राच्या कंपनीचा एक इंजिनियर बर्लिनहून सर्व्हिसिंगला यायचा. मी गेटवर हात पुढे करून उभा असायचो आणि तो माझा हात हातात घेताघेताच विचारायचा, "व्हेअर इज सतीश?"

मग दोन हजार आठचा शेवट आला. शहरातल्या क्रेन जागच्या जागी थांबल्या. एका अख्ख्या कॉलनीची वॉर्डरोब प्लास्टिकमध्ये गुंडाळून आमच्या हॉलमध्ये उभी होती आणि ती न्यायला साइटच उरली नव्हती. एका सकाळी आमचे फोरमन, रत्नागिरीचे इक्बालभाई, माझ्या केबिनमध्ये आले. दार लावून घेतलं आणि म्हणाले, "साहेब, लिस्ट लागली. सतीशचं नाव हाय. तुमचं नाय."

मला वाईट वाटलं, हे खरं आहे. पण आज सगळंच खरं लिहायला बसलोय, तर हेही लिहितो. त्या वाईट वाटण्याच्या खाली कुठेतरी थोडं बरंही वाटलं. बऱ्याच वर्षांनी आपल्या दोघांत मी वर होतो. तुला, शुभाला आणि चार वर्षांच्या ओमला मी दुबईच्या करामा भागातल्या आमच्या फ्लॅटवर घेऊन आलो. "व्हिसाची मुदत संपेपर्यंत इथेच राहायचं, काही बोलायचं नाही," असं मी मोठ्या जावयाच्या आवाजात सांगितलं. त्या तीन आठवड्यांत मी संध्याकाळी घरी यायचो तो ऐटीत. आणि तू काय केलंस? आमच्या किचनचं कुरकुरणारं दार दुरुस्त केलंस. नळ बदललास. ज्या कपाटाचा खालचा खण मी इतकी वर्षं लाथ मारून बंद करत होतो, तो तू बोटाने बंद करून दाखवलास. "बघा," वंदना मला म्हणाली, "आणि तुम्ही म्हणे फर्निचरच्या फॅक्टरीत!" नोकरी गेलेल्या माणसाने घरबसल्या मला हरवलं.

तिसऱ्या आठवड्यात त्या बर्लिनच्या इंजिनियरचा फोन आला. तुझ्या हाताला काय कळतं हे त्याच्या कंपनीला माहीत होतं. तू फोन ठेवलास, शुभा रडायला लागली, वंदना देवापुढे साखर ठेवायला धावली आणि मी तुला मिठी मारली. त्या दिवशी मी जेवलो नाही. पोट बिघडलंय म्हणालो.

इथवरचं तुला माहीत होतं, किंवा तू ओळखलं असशील. पुढचं वंदनाला माहीत नाही.

दीड वर्षाने तू ऑफिसच्या नंबरवर फोन केलास. "साडूभाऊ, आमच्या प्लॅनिंगमध्ये जागा निघाली आहे. मी तुमच्याबद्दल बोललोय. फॉर्म पाठवतो, फक्त भरा." आमची फॅक्टरी तेव्हा तीन दिवस चालायची आणि तीन दिवस बंद असायची. पगार अर्धा झाला होता. आमच्या सईची शाळा बदलावी लागणार होती. फॉर्म आला. मी प्रिंट काढला, नाव लिहिलं, जन्मतारीख लिहिली. चौथ्या ओळीत विचारलं होतं, आमच्या कंपनीत तुम्हाला कोण ओळखतं. तिथे तुझं नाव लिहायचं होतं. मी पेन खाली ठेवलं.

पुन्हा अधिक महिना येणार, पुन्हा आपण पाटावर बसणार आणि सासूबाई कुणालातरी सांगणार, "थोरल्यांना धाकट्यांनी लावून दिलं हो तिकडे." मला ते आत्ताच ऐकू येत होतं. बायकोचा अर्ध्या पगारातला संसार परवडला, मुलीची शाळा बदलली तरी चालेल, पण हे चालणार नव्हतं. एवढा क्षुद्र माणूस मी आहे, हे तुझ्या हॉलमधल्या लोकांना खुशाल कळू दे. फॉर्म ड्रॉवरमध्ये गेला. तू दोनदा आठवण केलीस, मी दोनदा "पाठवतो" म्हणालो. मग मुदत संपली.

वंदनाला शुभाकडून कुणकुण लागली होती. ती विचारायला लागली, काय झालं त्या जागेचं? मी जेवता जेवता म्हणालो, "सतीश म्हणतो, जागा भरली."

"भरली? आणि त्यांनी काही प्रयत्न नाही केला?"

तेव्हा अजूनही वेळ होता. मी भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणालो, "जाऊ दे. प्रत्येकाचा स्वभाव असतो."

हे एकच वाक्य. खोटं तर आधीच बोलून झालं होतं, पण ह्या वाक्याने ते तुझ्या नावावर चढवलं. वंदनाने ते मनात ठेवलं. "तीन आठवडे आपण ठेवून घेतलं, एक शब्द टाकता आला नाही त्यांना," असं ती कधीतरी भांडी आवरताना बोलायची. मी ऐकायचो. खरं सांगतो, ते ऐकायला मला बरं वाटायचं. तुझ्याबद्दल कुणीतरी वाईट बोलतंय, हे मी कितीतरी वर्षांत ऐकलं नव्हतं.

मग तू घर घेतलंस आणि आम्हाला बोलावलंस. शुभाच्या आग्रहाने वंदना तयार झाली. तिच्याजवळ बर्लिनमध्ये बघायच्या जागांची यादी होती, दोन पानी. तू स्टेशनवर घ्यायला आलास आणि आम्हाला शहराच्या उलट्या दिशेला घेऊन गेलास. एकेका स्टेशनवर लोक उतरत गेले, घरं बुटकी होत गेली, आणि कौल्सडॉर्फ नावाच्या स्टेशनवर आपण उतरलो तेव्हा समोर एक बेकरी, एक सायकलचं दुकान आणि पुढे झाडं. तुझी गल्ली तर कच्ची होती. बर्लिनमध्ये कच्चा रस्ता! आमच्या बॅगांची चाकं वाळूत रुतली.

"साडूभाऊ, वाळू काही आपल्याला सोडत नाही," तू म्हणालास.

मी मनातल्या मनात खूश झालो. वाटलं, एवढंच का ते जर्मनी. मग तू फाटक उघडलंस. बैठं, उतरत्या छपराचं जुनं घर, मागे नासपतीची दोन झाडं आणि एक चेरीचं, पाण्याचा हातपंप, अवजारांची लाकडी खोली. मी आयुष्यात चारएकशे व्हिलांच्या किचनचं प्लॅनिंग केलं आणि राहिलो करामातल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये, जिथे खिळा ठोकायलाही वॉचमनला विचारावं लागतं. जर्मनीत घर घेतलं की किचन मिळत नाही, आधीची माणसं किचन उपटून घेऊन जातात, हे तू सांगितलंस. म्हणून तू स्वतःच्या हाताने केलं होतंस. मी दहा दिवसांत त्यात एक तरी खोट काढायचीच, असं ठरवलं. तू कामावर गेलास की मी टेप घेऊन कपाटांच्या दोन शटरांमधली फट मोजायचो. सगळीकडे दोन मिलिमीटर.

"बाबा, व्हाय आर यू मेजरिंग देअर किचन?" सईने विचारलं.

शेवटी सिंकखाली सापडलं! एक शटर किंचित तिरकं, कडेची पट्टी सुटत आलेली. तू आल्याआल्या मी तुला हाताला धरून दाखवलं. तू वाकून बघितलंस आणि इतका हसलास की तुला खाली बसावं लागलं. "साडूभाऊ, ते आपल्या फॅक्टरीतलं आहे. तुमच्या प्लॅनिंगमधलं. मी आठवण म्हणून एक सँपल बॅगेत घालून आणलं होतं."

त्या दहा दिवसांत राजवाडे, संग्रहालयं, ती प्रसिद्ध कमान, हे सगळं आम्हाला तू शेवटच्या एका दुपारी उरकून दाखवलंस. बाकीचे दिवस तू आम्हाला तुझं उपनगर फिरवलंस. रानडुकरांनी कुणाचं गवत उकरलं ते दाखवलंस. खडी काढून काढून झालेल्या खड्ड्यांत साठलेली तळी दाखवलीस. आणि रेल्वेच्या पलीकडे पायी घेऊन गेलास, जिथे तुझी बैठी घरं संपतात आणि दहा-अकरा मजली इमारतींच्या रांगा सुरू होतात. वंदना चपला हातात घेऊन बाकावर बसली. मी तुझ्यावर ओरडलो, "बर्लिनला येऊन कुणी ह्या बिल्डिंगा बघतं का?"

"राजवाडे कुणीही दाखवेल," तू म्हणालास. "हे बघा. ह्या भिंती कारखान्यात ओतल्यात. खिडक्या बसवून, तयार पॅनेल आणून इथे एकावर एक उभी केलीत. आमची हेल्गा त्याच कारखान्यात होती. हे जॉइंट बघा. हे तुमच्याशिवाय कोणाला दाखवू मी?"

मी जॉइंट बघितले. चांगले होते. आपण दोघं तासभर एका परक्या बिल्डिंगच्या कोपऱ्याला नाक लावून उभे होतो आणि वरच्या गॅलरीतून एक बाई आपल्याकडे संशयाने बघत होती. सतीश, त्या एका तासात मला तुझा हेवा वाटला नाही. एवढा एकच तास मला आठवतो.

मग तो रविवार. दुबईत आमचा आठवडा रविवारी सुरू होतो. शुक्रवारी सुट्टी, रविवारी कामावर, हे माझ्या अंगात इतकं मुरलेलं की सकाळी साडेसातला डोळे उघडले ते कामाला लागायचं म्हणूनच. तुमची सगळी मंडळी झोपलेली. अवजारांच्या खोलीचं दार खाली घासतं हे मी आदल्या दिवशी बघून ठेवलं होतं. म्हटलं, तू माझं दार दुरुस्त केलंस, आता मी तुझं करतो. ड्रिल काढलं आणि बिजागरी सोडवायला घेतली. पाच मिनिटांत कुंपणापलीकडे हेल्गा उभी. गाउनवर स्वेटर, हातात चष्मा, आणि तोंडाचा पट्टा सुरू. मला एक अक्षर कळत नव्हतं. तू बनियनवर धावत आलास, माझ्या हातातलं ड्रिल काढून स्वतःच्या हातात घेतलंस आणि मान खाली घालून तिची माफी मागितलीस. तिने तुला बोट दाखवून दम दिला. ती आत गेल्यावर तू सांगितलंस, "इथे रविवारी ड्रिल चालत नाही. खिळासुद्धा नाही."

"अरे, पण मग ती तुला का बोलली?"

"मी तिला सांगितलं, मीच करत होतो. तुम्ही पाहुणे. तुमचं नाव कशाला?"

दुपारी जेवताना हा किस्सा सगळ्यांना सांगून तू हसवलंस. वंदनाही हसली, आणि हसता हसता तिच्या तोंडून निघून गेलं. "सतीशराव, साडूभाऊंसाठी शेजारणीच्या शिव्या खाता, मग तेव्हा नोकरीसाठी एक शब्द टाकायला काय झालं होतं?"

शुभाचा हात वाढताना थांबला. ती बोलणार होती. फॉर्म तिच्या समोरच तर तू पाठवला होतास. तू माझ्याकडे बघितलंस. फार वेळ नाही, आमटीची वाटी पुढे करायला लागतो तेवढाच. मग म्हणालास, "माझंच चुकलं, ताई. उशीर झाला माझ्याकडून." आणि शुभाला म्हणालास, "भात आण ना."

मी खाली मान घालून जेवलो. एकाच दिवसात दुसऱ्यांदा तू माझ्या हातातलं काढून स्वतःच्या हातात घेतलं होतंस. मला कृतज्ञता वाटायला हवी होती. मला तुझा संताप आला. चांगलं असण्यालाही काही मर्यादा असते की नाही?

संध्याकाळी तळ्याकाठी फिरताना मीच भांडण काढलं. म्हणालो, "इथे म्हातारा होशील, भाषा परकी, माणसं परकी, कोण विचारणार तुला?" तू म्हणालास, "आणि तुमचं? साठीला व्हिसा खलास. मग कुठे?" मी म्हणालो, "पुणं आहे." तू म्हणालास, "पुण्यात तुम्ही वर्षाला पंधरा दिवस असता." हे भांडण आपलं अजून अर्धं आहे. मग तू थांबलास आणि रागाचा लवलेश नसलेल्या आवाजात म्हणालास, "साडूभाऊ, ताईंना तुम्हीच सांगा. मी सांगितलं तर तुमच्यात भांडण लागेल. तुम्ही सांगितलंत तर त्या नुसत्या चिडतील."

"सांगतो."

"कधी?"

"इन्शाल्ला," मी म्हणालो.

तू मोठ्याने हसलास. आमच्याकडे प्लंबरपासून बँकेपर्यंत सगळे हा शब्द काम होणार नसलं की वापरतात, हे तू विसरला नव्हतास.

त्यानंतरच्या वर्षी माझे वडील गेले. मला दुबईहून निघायला विमानात जागा मिळेना. योगायोगाने तू सुट्टीवर पुण्यात होतास. मी पोचलो तेव्हा सगळी तयारी झालेली, डॉक्टरचा दाखला घेतलेला, नातेवाइकांना फोन झालेले, आणि आई तुझा हात धरून बसलेली. वडिलांना आंघोळ तू घातली होतीस. शेजारचे एक काका मला म्हणाले, "तुमचे धाकटे बंधू फार गुणी आहेत." सतीश, वडिलांच्या पार्थिवासमोर उभा राहूनही मला तुझा हेवा वाटला. त्यांच्या अंगावरून शेवटचं पाणी तुझ्या हाताने गेलं. मी तुला धन्यवाद दिले नाहीत. आज देतो. कान असतील तर ऐक, पुन्हा म्हणणार नाही.

मग तुझं आजारपण. चार महिने. मी येतो येतो म्हणत राहिलो आणि शिपमेंटची कारणं सांगत राहिलो. तू दर शुक्रवारी फोन करायचास, कारण शुक्रवारी आम्ही घरी असतो हे तुझ्या डोक्यात पक्कं होतं. दरवेळी शेवटी विचारायचास, "ताई आहेत का?" वंदना फोन घ्यायची, "काळजी घ्या, औषधं वेळेवर घ्या," एवढं म्हणून माझ्याकडे द्यायची. शेवटच्या शुक्रवारी तुझा आवाज अगदी बारीक झाला होता. ताई आहेत का, तू विचारलंस. मी स्वयंपाकघराकडे फोन पुढे केला. वंदना म्हणाली, "पोळ्या चालू आहेत, सांगा मी नंतर करते."

मी तुला म्हणालो, ती जरा बिझी आहे.

"असू दे," तू म्हणालास. "सांगितलंत का त्यांना?"

पलीकडे तू वाट बघत होतास. मग म्हणालास, "बरं," आणि शुभाने फोन घेतला. पुढचा शुक्रवार आलाच नाही.

वंदना तेव्हापासून रडते आहे. रडते, डोळे पुसते आणि म्हणते, "शेवटचं बोलले नाही हो मी त्यांच्याशी. पण त्यांनी तरी तेव्हा काय केलं आपल्यासाठी?" एवढाच आधार आहे तिला. तो मी काढून घेतला तर तिच्याकडे फक्त त्या पोळ्या उरतील. म्हणून इथवर लिहिलेलं मी चार दिवस ड्रॉवरमध्ये ठेवलं. मग लक्षात आलं की माझा फॉर्मसुद्धा असाच ड्रॉवरमध्ये गेला होता. काल सकाळी चहाच्या वेळी मी ही पानं वंदनासमोर ठेवली. म्हटलं, "शुभाकडे वाचायचं ते हे आहे. आधी तू वाच."

तिने सगळं वाचलं. एक पान पुन्हा मागे जाऊन वाचलं. मी चिडण्याची वाट बघत होतो, कारण तू म्हणाला होतास, नुसत्या चिडतील. तुझा अंदाज चुकला, सतीश. इतक्या वर्षांत एकदाच चुकला. ती चिडली नाही. तिने पानं नीट जुळवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "हे मी वाचणार नाही. तुम्ही यायचं. तिथे सगळ्यांसमोर उभं राहून तुम्हीच वाचायचं."

मग तिने बर्लिनला फोन लावला आणि शुभाशी तासभर बोलली. मी दाराबाहेर होतो. त्यानंतर ती माझ्याशी एक शब्द बोललेली नाही. आज सकाळी तिने तुझा फोटो देवाशेजारी मांडला आणि हात जोडून तुला सांगत होती, चुकले हो सतीशराव, माफ करा मला. मी तिथेच उभा होतो, तीन पावलांवर. खरं तर तिची माफी मागायला हवी होती मी, आणि ती मागत होती तुझी. इतक्या मायेने ती माझ्याशी कधी बोलली होती, ते मला आठवेना. आणि तुला सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणीही मला तुझा हेवा वाटला.